सौसरच्या गावांत लकवा मोजताना

मध्य प्रदेशात जाऊन आले असं सांगितलं की लोक लगेच खजुराहो कसं होतं, भेडाघाट पाहिला का, असं विचारतात. मी यातलं काहीच पाहिलं नाही. शहाऐंशीच्या जानेवारीत मी तीन-साडेतीन आठवडे पांढुर्णा आणि सौसरच्या आसपास हिंडले, ती लकव्याचे रोगी मोजत. असल्या प्रवासाचं वर्णन कोण वाचणार, हे मलाही कळत नव्हतं. पण परत आल्यापासून तिथल्या एका घराचं अंगण डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी पुण्यात एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. आमचे विभागप्रमुख एका परदेशी परिषदेहून परतले, ते एक नकाशा घेऊन. मेंदूतली रक्तवाहिनी फुटून किंवा तुंबून ज्यांचं अर्धं अंग लुळं पडतं, अशी माणसं जगात कुठे किती, ते त्यावर रंगांनी दाखवलं होतं. जपान गडद होता. तिकडच्या खेड्यांत खारवलेले मासे आणि लोणची फार खातात, तिथे हृदयविकारापेक्षा या आजाराचीच दहशत जास्त, असं सरांनी समजावलं. अमेरिकेत उलटं. फिनलंड दोन्ही बाबतींत दुर्दैवी. आणि आपल्या देशाचा बहुतेक भाग कोरा. "तिथे एकानं मला विचारलं, तुमच्याकडे हा आजार होतच नाही का? मला उत्तर देता येईना," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात शरम होती.

शहरातल्या दवाखान्यात बसून हे उत्तर मिळणार नव्हतं, कारण दवाखान्यात येतात ते येऊ शकणारे. घरोघर जायला हवं होतं. सौसरचं नाव मीच सुचवलं. शेतीचा मुलूख, कापूस-संत्र्याचा, आणि राज्य वेगळं असलं तरी माणसं मराठी बोलणारी. भाषेची अडचण येणार नाही, असं मी सरांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

निघताना त्यांनी एक ताकीद दिली. "तुम्ही मोजायला चालला आहात. उपचार करत बसलात तर मोजणी होणार नाही. कुणाचा रक्तदाब जास्त निघाला तर दवाखान्याच्या नावे चिठ्ठी द्या आणि पुढच्या घरी जा."

पांढुर्णा

पांढुर्ण्याला माझी सोय घागरे गुरुजींकडे होती. ते शाळेतून निवृत्त झालेले, गावात सगळ्यांना माहीत. पहिल्याच जेवणाला माझी फजिती झाली. गुरुजींच्या पत्नीनं विचारलं, "सांबार टाकू का जी वरून?" वांग्याच्या भरितावर सांबार कोण घेतं, असं मनात येऊन मी नको म्हटलं. मग पाहते तो सगळ्यांच्या ताटात हिरवीगार कोथिंबीर. तिकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. सगळे हसले, मीही हसले. त्या हसण्यातून मला तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं, पण आलं नाही.

पुढचे तीन दिवस मी छापील प्रश्नावली घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. "आपल्या कुटुंबात कुणास पक्षाघात झाला आहे काय?" दुकानदारांची घरं, मास्तरांची घरं, रेल्वेतली माणसं. सगळीकडे चहा मिळाला आणि "नाही जी" असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे एकही रोगी नव्हता. नकाशातली ती कोरी जागा खरोखरच कोरी असेल, असं वाटून मला थोडा आनंदही झाला होता.

जेवताना गुरुजींच्या पत्नीनं विचारलं, "तीन दिवसापासून तुमी काय विचारून राहिल्या लोकायले?"

मी सांगितलं. त्यांना कळेना. अर्धं अंग लुळं पडतं, तोंड वाकडं होतं, असं म्हटल्यावर त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"अवो बाई, तो तर लकवा! मंग मांगच्या गल्लीतल्या किरानावाल्याच्या बापाले मारला न लकवा. दोन वर्सं झाले, खाटेवरच हाये."

त्या घरी मी त्याच दुपारी जाऊन आले होते. मुलानं मला खुर्ची दिली होती, वेलदोड्याचा चहा दिला होता आणि "नाही जी" म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आतल्या खोलीत म्हातारे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडले होते. मुलगा मनापासून चकित झाला. "मॅडम, आपने लकवा कहाँ पूछा था?" त्यानं विचारलं, आणि मग मराठीत म्हणाला, "तुमी तर कोनता तरी मोठा रोग विचारला होता."

तीन दिवसांचे सगळे कागद मी बाजूला ठेवले.

सौसर

सौसरला मला शांताबाई बोबडे भेटल्या, आणि खरं काम तिथून सुरू झालं. पन्नाशी ओलांडलेल्या, सरकारी नोकरीतून बाहेर पडलेल्या नर्सबाई. त्यांनी या तहसिलीतल्या निम्म्या पोरांना जन्मताना हातात धरलं होतं. माझं रक्तदाबाचं यंत्र त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातलं, प्रश्नावली वाचली आणि पेन मागितलं.

"अंगावरून वारं गेलं का, हे लिहा. तोंड वाकडं झालं का. जीभ जड पडली का. हातातला गिलास पडला का. अन् मेलेल्यायचंही विचारा, नुसतं जित्यायचं नोका विचारू. जोराचा लकवा मारला त मानूस राहते का तुमच्यासाठी खाटेवर?"

मी ते प्रश्न तिथेच लिहून घेतले. आमच्या विभागातल्या चौघा डॉक्टरांनी मिळून तो कागद तयार केला होता.

शांताबाई निघताना "येतो मी" म्हणत, "येते" नाही. तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. पहिल्यांदा कानाला खटकलं, आठवडाभरात मला त्यात एक ऐट दिसू लागली.

रामाकोना

छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं आम्ही रामाकोन्याला उतरलो. थंडी छान होती. संत्र्याची तोड चालू होती, बागांतून बांबूच्या शिड्या आणि टोपल्या, आणि हवेला सालीचा तो कडवट-गोड वास. गावात शिरताच पहिल्या काही घरांतलं एक देवराव कामडींचं होतं. पन्नाशीचा, उंच, मोठ्यानं बोलणारा माणूस. बागेतून नुकता आला होता, अंगणात ट्रक लागायचा होता. त्यांच्या घरी कुणाला लकवा झालेला नव्हता. नियमाप्रमाणे मी घरच्या कर्त्या माणसाचा रक्तदाब घेतला.

पारा उतरायला लागला आणि दोनशे दहावरच ठोके सुरू झाले. मी पुन्हा घेतला. तेवढाच. खालचा एकशे वीसच्या वर.

"देवरावजी, दाब फार जास्त आहे. डोकं दुखतं का?"

"उनात फिरलं त दुखतेच न, जी." ते हसले. "मी तर आताच पन्नास टोपले उचलून आलो. बिमार मानूस उचलन का?"

मी त्यांना नीट सांगितलं. निदान तेव्हा मला ते नीट वाटलं. मीठ कमी करा, सौसरच्या दवाखान्यात जा, गोळ्या सुरू करा, उशीर करू नका. चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी ती घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"तोड झाली का जातो."

"घरी सांगाल ना?"

"हो जी, सांगतो न."

त्यांची पत्नी गिरजाबाई मागच्या पडवीत चुलीपाशी होती. आम्ही उठलो तशी बाहेर आली, माझ्या पदरात पाच-सहा संत्री टाकली आणि म्हणाली, "खाऊन जा, रस्त्यात तहान लागन." मी आभार मानले. मग कागदावर दोनशे दहा, एकशे वीस असं लिहिलं आणि आम्ही पुढच्या घरी गेलो. त्या दिवशी आमची बरीच घरं झाली. मला कामाचं समाधान वाटलं होतं.

मोहगाव, बोरगाव

मोहगावच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बायकांची रांग होती. त्यात यमुनाबाई नावाची चाळिशीतली बाई एकाच हातानं वेचत होती, डाव्या. उजवा हात पोटाशी धरलेला, बोटं वळलेली. बाजूच्या बायकांइतकीच भराभर वेचत होती. मी विचारलं, कधी आजारी होतात का? "नाही." अंगावरून वारं गेलं का? "ते गेलं होतं, तीन सालाआधी. पन ते काही बिमारी नोहे. बिमार मानूस कामावर येते का?"

मी ते लिहून घेतलं. हात दोन महिने हललाच नव्हता, पाय फरफटत होता, बोलणं तुटलं होतं. त्या काळात तिनं बांधावर बसून डाव्या हातानं वेचायची सवय केली. जगातल्या कुठल्या देशात ही बाई रोगी म्हणून मोजली गेली असती आणि कुठे नाही, याचा मी त्या काळ्या ढेकळांत उभी राहून विचार करत होते. शांताबाई म्हणाल्या, "चाला, सूर्य डोक्यावर आला." बांधावर आम्ही त्या बायकांबरोबरच जेवलो. ज्वारीची भाकर, ताज्या तुरीच्या दाण्यांची भाजी आणि मिरचीचा ठेचा. प्रत्येकीच्या फडक्यात कागदाची एक पुडी होती, मिठाची. भाजीत होतंच, वर आणखी लागत होतं. घामाबरोबर जातं, म्हणाल्या. जपानमधल्या त्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या बायका हेच म्हणत असतील का, कोण जाणे.

बोरगावला कोटवाराकडे गेलो. तिकडे प्रत्येक गावाला कोटवार असतो, जन्म-मृत्यूची वही तोच लिहितो. भला माणूस, खाकी कोट घालून आम्हाला वही दाखवायला बसला. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात तीनच शब्द आलटून पालटून होते. बुखार, दमा, बुढापा. "बुढापा" लिहिलेल्या एकाचं वय पंचेचाळीस होतं.

"हा कशानं गेला?"

कोटवारानं आठवून पाहिलं. "सकाळी दात घासता घासता पडला, जी. तोंड वाकडं झालं. घर्रघर्र आवाज करे. तिसऱ्या दिवशी गेला."

"मग बुढापा का लिहिलं?"

"मी काय लिहू, मॅडम? बुखार तर नव्हता न."

त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. आम्ही त्याच्या वहीतली नावं घेऊन दारोदार गेलो आणि प्रत्येक घरी तेच विचारलं. कसे गेले? त्या वेळी काय झालं होतं? दोन घरांत बायका रडल्या. त्यांना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

पुन्हा रामाकोना

दहाव्या-अकराव्या दिवशी सकाळी सौसरच्या बसस्टँडवर आम्ही उभ्या होतो. छिंदवाड्याकडून आलेल्या बसच्या कंडक्टरनं खाली उतरता उतरता शांताबाईंना हाक मारली. "बाई, रामाकोन्याचे कामडी पडले. तुमाले अन् त्या डाक्टरीनबाईले बलावून राहिले."

मला तो आकडा लगेच आठवला.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती. देवराव खाटेवर उताणे. उजवा गाल लोंबलेला, उजवा हात खाटेबाहेर लटकलेला. डोळे उघडे होते आणि ते ज्याच्या-त्याच्याकडे पाहत होते. एक काका वाटीतलं दूध त्यांच्या तोंडात घालत होते आणि दूध ओठाच्या कोपऱ्यातून मानेवर वाहत होतं. मी वाटी धरली. "काही घालू नका. गिळता येत नाहीये त्यांना, छातीत जाईल." एक म्हातारे गृहस्थ पिशवीत कबुतर घेऊन आले होते, त्याचं रक्त अंगाला चोळलं की गरमी येते म्हणून. शांताबाई त्यांना म्हणाल्या, "बाबा, ते मंग पाहू. आधी त्याइले कुशीवर होऊ द्या." आणि त्यांनी एकटीनं तो एवढा मोठा माणूस डाव्या कुशीवर वळवला.

कुणी म्हणत होतं जामसावळीच्या मारुतीला न्या, कुणी म्हणत होतं इथेच ठेवा. गिरजाबाई मला म्हणाली, "तुमी सांगा."

"आधी नागपूर. मारुतीला नंतर जा."

"ट्रक खाली करा," ती लोकांना म्हणाली. संत्र्यांनी अर्धा भरलेला ट्रक उभाच होता. माणसांनी मागच्या पेट्या उतरवल्या, तणस पसरलं, त्यावर गादी टाकली. शांताबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या. मागे गिरजाबाई, तिचा भाऊ आणि मी. तिच्या मांडीवर देवरावांचं डोकं होतं आणि ते कुशीवर राहावेत म्हणून मी पाठीशी गुडघे टेकवून बसले होते. रस्त्याला खड्डे होते. प्रत्येक धक्क्याला संत्री पेट्यांत खुळखुळत.

सौसर मागे पडल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि एक कागद माझ्यापुढे धरला.

"हे काय होय?"

माझंच अक्षर होतं. धुतल्यानं शाई पसरली होती.

"धुताना त्याइच्या सदऱ्यात सापडली. मले वाचता येत नाही. ट्रकवाल्याची चिठ्ठी समजून मी वाळवून ठेवली. आज आमच्या भावानं वाचली, म्हने डाक्टरीनबाईची हाये." तिनं कागदाची घडी घातली. "त्या दिवशी तुमी हाताले पट्टा बांधला होता. तवाच दिसलं होतं का तुमाले?"

त्या क्षणी मला बरंच काही बोलता आलं असतं. दाब जास्त असलेल्या प्रत्येकाला लकवा होतोच असं नाही, हे खरंच आहे. गोळ्या सुरू केल्या असत्या तरी टळलं असतं असं सांगता येत नाही, हेही खरं.

"हो," मी म्हटलं. "दिसलं होतं."

"लय होतं?"

"खूप होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं? मी तर मांगंच होती. तुमच्या पदरात संत्रे टाकले न मी."

"त्यांना सांगितलं होतं मी. ते म्हणाले घरी सांगतो."

"त्याइले सांगून काय होते, जी? ते तर तापातही वावरात जातात." तिचा आवाज चढला नव्हता. "भाजीत मीठ मी टाकतो. दवाखान्यात न्याचं मीच मनावर घेतलं असतं. सारं मीच करतो, अन् सांगतलं त्याइले."

भाऊ दुसरीकडे पाहू लागला. देवरावांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं होतं. त्यांना किती कळत होतं, मला माहीत नाही. मी तिची क्षमा मागितली नाही. तेव्हा ते शब्द फार हलके वाटले असते.

नागपूरच्या दवाखान्यात त्यांना दाखल करून घेतलं. मी दुसऱ्या दिवशी सौसरला परतले आणि सरांना तार केली, नवी गावं थांबवली आहेत.

परतीच्या आधी

मग आम्ही उलट्या वाटेनं निघालो. कागदांतून मी जास्त दाबाची घरं काढली. प्रत्येक ठिकाणी पुन्हा गेलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटून गोळ्यांची व्यवस्था लावली. शांताबाईंनी एकदाच विचारलं, "आता कोनाले सांगाचं?" मी म्हटलं, घरातल्या सगळ्यांना बसवून सांगायचं. स्वयंपाक करणारीला पहिल्यांदा.

हे सोपं नव्हतं. मोहगावचे एक मास्तर चिडले, बायकोसमोर मला रोगी ठरवता का म्हणाले. एका घरी सासूनं आळणी भाजीचं नाव काढताच आम्हाला उठवलं. पण बऱ्याच घरी बायका ऐकत बसल्या आणि असे प्रश्न विचारले की मला थांबून विचार करावा लागला. लोणचं चालेल का? उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची का? बरं वाटलं की बंद करायची का? या शेवटच्या प्रश्नाला "नाही, कधीच नाही" असं उत्तर मी प्रत्येक घरी दिलं.

सरांना हवी होती तेवढी घरं माझ्याकडून झाली नाहीत. मी निम्मंच काम घेऊन परतले. हा आजार तिथे आहे, इतकं मी खात्रीनं सांगू शकते. जपानपेक्षा कमी की जास्त, ते मला सांगता येणार नाही, आणि जो कुणी कोटवाराच्या वहीवरून सांगेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. सरांनी माझा अहवाल वाचला आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा जा."

निघायच्या आदल्या दिवशी मी रामाकोन्याला गेले. देवराव दोनच दिवसांपूर्वी घरी आले होते. अंगणात उन्हाला खाट टाकली होती. पाय थोडा हलत होता, हात नाही. बोलणं गेलं होतं, एक शब्द सोडून. काहीही म्हणायचं असलं की ते "चाल" म्हणत. मला पाहून म्हणाले, "चाल, चाल," आणि डाव्या हातानं खाटेची कड थोपटली. मी बसले. दाब घेतला. गोळ्यांनी बराच खाली आला होता. तो आकडा मी गिरजाबाईला सांगितला. तिनं मान हलवली.

मी यंत्र मिटायला लागले तेव्हा ती खाली जमिनीवर बसली आणि पोलक्याची बाही वर सारली.

"आता माहा पाहा."

तिचा दाब आम्ही कधी घेतलाच नव्हता. पट्टा बांधला, पारा चढवला आणि ऐकू लागले. पारा हवा होता त्याहून बराच वर असतानाच ठोके सुरू झाले. मी पुन्हा घेतला. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत ती वळून घराकडे हाक मारू लागली.

"सुमन! वो सुमन! हातचं काम ठेव अन् इकडे ये. मॅडम काय सांगून राहिल्या ते तू ऐक."

सुमन, तिची थोरली मुलगी, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि आईशेजारी बसली. मी सांगायला सुरुवात केली.